आंब्याच्या फळ्यांची नाव

दि. ११ मे १९५८, रविवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

घरामागच्या पडीत जागेत, नावेच्या डाव्या कुशीला बसून फटीत कापूस ठासत होतो. ऊन चढायच्या आत दोन फळ्यांमधली एक फट पुरी करायची असे ठरवले होते. ती झाली, म्हणून हात धुऊन ही वही उघडली. मुंबईत ज्या साहेबांच्या नावा मी दोन वर्षे खरवडल्या आणि रंगवल्या, ते सगळे अशी वही ठेवत असत.

प्रथम कारण लिहितो. मुंबईच्या एका नौका-क्लबाने येत्या जानेवारीत मुंबई ते कोची अशी समुद्रातली शर्यत जाहीर केली आहे. एका नावेत एकच माणूस. आपल्याकडे अशी शर्यत पहिलीच. नाव स्वतःची पाहिजे, इंजिन चालणार नाही, वाटेत बंदराला लागला तो बाद. प्रवेश कोणालाही खुला आहे, असे कागदावर छापले आहे. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कोणालाही.

मी देवमन डोमाजी तायडे. वय चोवीस, सातवी पास. कापसाच्या हंगामात प्रेसिंग फॅक्टरीत गठाणींवर नंबर टाकतो. हंगाम संपला की रिकामा. अकोल्यात समुद्र नाही हे मला माहीत आहे. तरी रोज कोणीतरी ते सांगून जाते.

नाव बावीस फुटांची. कणा सागवानाचा, परतवाड्याहून आणलेला. फळ्यांना सागवान परवडले नाही, त्या आंब्याच्या, दोन उन्हाळे वाळवलेल्या. काम देवराव सुताराचे. जठारपेठेच्या रस्त्याला त्याचे बैलगाड्यांचे दुकान आहे. नाव त्याने कधी केलेली नाही. मी मुंबईत मापे टिपून आणली होती, त्यांवरून आम्ही दोघांनी ती उभी केली.

काल देवराव फळीवर हात फिरवून म्हणाला, "पाह्य देवमन, ह्या सांध्यातून मुंगी जाऊन दाखवू दे. माही पैज."

मी म्हणालो, "पाण्यात लाकूड फुगते ना?"

"फुगू दे ना बावा. चाक आपन नदीत बुडवून ठेवतो ते कावून? फुगून घट्ट व्हावं म्हनून. तुहा डोंगा पाण्यात गेला का वज्र होते."

कापसाबद्दल मला शंकाच नाही. लांब धाग्याचा, स्वच्छ, रोखीने घेतलेला. आमचे मुकादम म्हणतात, गठाण जितकी दाबावी तितकी खरी. मी प्रत्येक फटीत मोगरीने जाईल तितका कापूस ठासतो आणि वरून राळ भरतो.

देवराव आपला पाण्याचा तांब्या घरून आणतो. मी त्याबद्दल कधी बोललो नाही. तोही नाही.

दि. २७ मे.

शिडाचे कापड आले. शालूने ते अंगणात पसरले, तर अंगण पुरले नाही. शालू माझी बायको. गेल्या वर्षी आमचे लग्न नव्या, बौद्ध पद्धतीने झाले. तिचे माहेर अंजनगाव सुर्जी. शिलाई मशीन तिच्या वडिलांनी दिलेली आहे आणि ती गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवते.

मी मापे सांगत होतो. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा ती म्हणाली, "समजलं ना जी. माह्या बापानं मशीन देल्ली ते पोलके शिवाले. आता समुद्राले पोलकं शिवून राहिली मी. त्याची छाती किती, तेवढं सांगा."

आई दारातून हसली. मला हसण्यासारखे वाटले नाही, कारण कोपऱ्याचे माप खरोखरच चुकले होते. माझ्याकडून. रात्रभर मनाला लागून राहिले.

दि. १० जून.

आज स्वतःशी खरे लिहितो. मला वाऱ्याची भीती नाही. मुंबईत मी साहेबांबरोबर नोकर म्हणून पुष्कळ वेळा समुद्रात गेलो, शीड ओढले, सुकाणू धरले. त्यांतले एक म्हातारे साहेब म्हणत, वाऱ्याने माणूस मोडत नाही, एकटेपणाने मोडतो. ते ऐकल्यापासून ती भीती माझ्या पोटात आहे. मुंबईत आम्ही अकरा जण एका शेडमध्ये झोपत असू. एकदा सणाला सगळे गावी गेले आणि मी एकटा राहिलो. ती रात्र मी रस्त्यावरच्या दिव्याखाली सकाळपर्यंत बसून काढली. वय तेव्हा एकवीस होते.

म्हणून ठरवले आहे. जुलैत तीन आठवडे नावेतच राहायचे. वर ताडपत्री, आत एक माणूस. कोणाशी बोलायचे नाही, खुणाही करायच्या नाहीत. जेवण आई बाहेर ठेवील.

आई म्हणाली, "घरात मानसं असून मुका व्हतं का रे कोनी?"

शालूने विचारले, "माह्याशी बी नाई?"

"कोणाशीच नाही."

ती म्हणाली, "मंग मी तं बोलीन. नेम तुमचा हाय, माहा नाई."

हे कलम नियमात घालायचे राहून गेले होते.

दि. १ जुलै, मंगळवार.

पहाटे आत आलो. सामान: पाण्याची घागर, चादर, होकायंत्र, वही. आत बसता येते, उभे राहता येत नाही.

दि. ३ जुलै.

संध्याकाळी शालू बाहेर घमेले उपडे घालून बसली. तिच्या आणि माझ्या मध्ये एक फळी. तिने सांगितले की गोदाबाईचे पोलके शिवून दोरीवर टाकले होते, ते गोदाबाईच्याच शेळीने अर्धे खाल्ले. "मी म्हटलं, गोदाबाई, आता उरलेलं शेळीले शिवून देतो, मापात येईन. तं म्हने, हसतं कावून, पैसे वापस दे."

मला फार हसू आले. बाही तोंडात धरली. हसणे हे बोलण्यात मोडते का, याचा विचार केला. मोडत नसावे. तरी आवाज होऊ दिला नाही.

दि. ५ जुलै.

दिवसभर पाऊस. हवा ओली आहे आणि फटी आणखी घट्ट बसल्या आहेत. बोट फिरवून पाहिले, कुठे केस शिरणार नाही. लाकूड अधूनमधून कुरकुरते. नाव अंग धरते आहे, हे चांगले लक्षण.

शालूला दोन दिवस अन्न जात नाही. फोडणीचा वास आला की उठून बाहेर जाते, असे तीच सांगत होती. कैरी पाहिजे म्हणाली. आता कुठली कैरी, हंगाम संपला. आईने बरणीतली खारवलेली फोड दिली. पित्त दिसते. मी बाहेर असतो तर आवळ्याचे चूर्ण आणले असते.

दि. ८ जुलै.

आज कसोटी झाली. सगळे नीट लिहून ठेवतो.

शालू नेहमीपेक्षा लवकर आली. घमेल्यावर बसली नाही, अगदी फळीला टेकून बसली, कारण तिचा आवाज कानाशी होता. म्हणाली, "अवो, आयकून राहिले ना?" मग, "एक सांगाचं हाय. मायले बी नाई सांगितलं आजून. आधी तुमाले सांगाव वाटते."

मी फळीला कान लावला.

"असं भिंतीले कसं सांगू मी? बोलू नका. नेम मोडू नका. फळीवर एक टिचकी मारा नुसती. म्हंजे समजीन मी का आयकून राहिले."

मी हात फळीजवळ नेला. मग विचार केला की आज टिचकी मारली तर उद्या शब्द, परवा दोन शब्द. समुद्रात फळीपलीकडे कोण असणार आहे? हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

ती पुष्कळ वेळ थांबली. मग उठून गेली. जाताना चिडली नाही, हे मी मुद्दाम लिहितो. जे सांगायचे ते बाविसाव्या दिवशी सांगेल, कुठे जात नाही.

नियम पाळला याचा अभिमान वाटला. झोप मात्र आली नाही.

दि. ९ जुलै.

शालू आली नाही.

दि. १० जुलै.

आज जेवण उशिरा आले. भाकरी करपलेली. आई रोज थाळी ठेवताना मला दोन शिव्या देते, आज ठेवून तशीच गेली. दुपारी घरातून मनकर्णाबाईचा आवाज आला. ती सुईण आहे, पण आईच्या गुडघ्यालाही तीच तेल लावते. गुडघा पुन्हा धरलेला दिसतो.

दि. १४ जुलै.

शालू सहा दिवसांनी आली. घमेले ओढल्याचा आवाज आला. फार हळू म्हणाली, "आता काई नाई. तुमी बसा निवांत." त्यानंतर काही बोलली नाही, पण दिवेलागणीपर्यंत बसून राहिली.

आवाज अशक्त वाटला. पावसाळी हवा. पित्त उतरले असावे. ती न बोलता बसली हे चांगले, तरी कोणी बाहेर आहे हे समजत राहते, आणि त्यामुळे पुरते एकटेपण मिळत नाही. सरावात तेवढे उणे राहिले.

दि. २२ जुलै.

बाहेर आलो. पाय मुंग्यांनी भरले होते. आईशी बोलायला गेलो तर घशातून आवाजच निघेना. शालू मशीनवर होती. वर पाहून म्हणाली, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

ती पुन्हा शिवायला लागली. काय सांगायचे होते, हे मी दोन दिवसांनी विचारले. म्हणाली, "काई नाई. विसरली मी."

भीती गेली आहे. शेवटचे पाच-सहा दिवस मला कोणाची आठवणही आली नाही.

दि. १४ सप्टेंबर, रविवार. पातूरच्या रस्त्यावरचा तलाव.

काल नाव दोन गाड्यांवर बांधून इथे आणली आणि पाण्यात सोडली. तरंगली. पंचवीस-तीस माणसे पाहायला जमली होती. देवरावने नारळ फोडला. मी काही म्हणालो नाही. रात्री दोघेही बांधावर झोपलो.

सकाळी पाहिले तर नाव काठापर्यंत पाण्यात बसलेली होती. आत उतरून हात घातला. उजव्या कुशीच्या तीन फळ्या खिळ्यांवरून उचकटून बाहेर आल्या होत्या. दोन फासळ्या मोडल्या होत्या. कापूस जिथे ठासला तिथेच होता, दगडासारखा.

बांधावर काल आलेलेच लोक परत आले. एक जण म्हणाला, "देवमन, समुद्राले पायी जाय लेका, लवकर पोचशीन." दुसरा म्हणाला, "मासोयांले इचारून तं पाहाव व्हतं आधी, डोंगा पाहिजे का म्हनून." लोक हसले. मला राग आला नाही. मी फळ्यांकडे पाहत होतो.

देवराव पाण्यात उतरला, चाचपून आला आणि माझ्याजवळ बसला. बराच वेळ विडी पेटवली नाही.

"चाकाले लोखंडाची धाव असते रे," तो म्हणाला. "लाकूड फुगते, धाव आवळून धरते. ह्याले काय हाय?"

मी म्हणालो, "गठाणीलाही पट्ट्या असतात."

आंब्याचे लाकूड फुगायला लागले, तेव्हा त्याला सरकायला जागाच नव्हती. सांधे आम्ही मुंगीला बंद केले आणि वरून मी कापूस ठोकून भरला. जितके चांगले काम केले तितके बिघडले. आम्हा दोघांच्याही मनात आवळून धरणारी धाव होती. नावेला फक्त खिळे.

देवरावने तांब्या उचलला, पाणी प्याला आणि तोच माझ्यापुढे केला. मी प्यालो. आम्ही त्यावरही बोललो नाही.

संध्याकाळी घरी आलो. शालू पाण्याला गेली होती. मी उंबऱ्यात बसून म्हणालो, "माय, सगळं गेलं."

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सगळं? तुहं काय गेलं, लाकूड गेलं. तिचं पोटचं गेलं, तू त्या डोंग्यात मुका बसला व्हता तवा. दोन महिने झाले. तिनं कसम घातली व्हती म्हनून मी चूप व्हती. आता नाई ऱ्हायत."

आता नऊ वाजले आहेत. याच्यापुढे आज लिहिता येत नाही.

दि. १५ सप्टेंबर.

शालूला विचारले, "मले कावून नाई सांगितलं?" मी घरातही नीट बोलतो, पण तसेच निघाले तोंडातून.

ती काजे करत होती. म्हणाली, "सांगाले आली व्हती ना. तुमी आत व्हते."

"नंतर सांगायचे होते."

"नंतर काय सांगू? नंतर काई नोतंच सांगाले."

तिने दोरा दाताने तोडला आणि दुसरे काज घेतले. ती रडली असती तर मला काहीतरी करता आले असते, पाणी देता आले असते. मी उभा राहिलो. मग कामाला गेलो.

दि. ९ नोव्हेंबर.

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही. नाव घरी आणून उकलली. फासळ्या नव्या घातल्या. फळ्या पावसात भिजवून, ओल्या असतानाच बसवल्या आणि मध्ये जागा ठेवली. कापूस बोटाने दाबला तर दबेल इतकाच. देवराव या कामाचे पैसे नको म्हणतो. मी देणार आहे.

शालू घरात बोलते. जेवता का, दिवा कमी करू का, गोदाबाईने पैसे दिले. गोष्टी सांगत नाही. शीड तिने पुरे केले. मी म्हणालो, नसतेस केले तरी चालले असते. ती म्हणाली, "हातात घेतलेलं मी अर्ध नाई सोडत."

रात्री आम्ही एका खोलीत असतो. जुलैत नावेत होतो त्यापेक्षा इथे जास्त सामसूम आहे.

दि. २३ नोव्हेंबर.

तलावात चार दिवस ठेवली. एक ओंजळ पाणी आले, नंतर तेही थांबले. शीड लावून फेऱ्या मारल्या. नाव हाताला हलकी आहे. बांधावर कोणी नव्हते.

दि. २१ डिसेंबर, रविवार.

माझे सासरे पुंजाजी अंजनगावहून आले. चहा घेतला, नाव पाहिली, सभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "जवाईबापू, डोंगा झक्कास हाय. तुमी समुद्रावर चालले तं पोरीले मी घेऊन जातो." परत कधी पाठवणार हे मी विचारले. ते म्हणाले, "ते तिले इचारा. बैल नाई ते, दावं सोडून आणाले."

शालू ट्रंक भरत होती. मी म्हणालो, "मी जाऊ का मुंबईला?"

तिने साडीची घडी हातावर धरूनच माझ्याकडे पाहिले. "इचारून राहिले का सांगून राहिले?"

फी भरलेली होती, रेल्वेचा डबा ठरला होता, पुढच्या शनिवारी नाव चढवायची होती. हे सगळे तिला माहीत होते.

"जा तुमी," ती म्हणाली. "मी अंजनगावले राहीन. परत याचं का नाई ते माहं मी पाहीन."

स्टेशनवर मी तिकिटे काढून दिली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी होती. हात हलवला नाही, पण तोंडही फिरवले नाही.

दि. १० जानेवारी १९५९. मुंबई.

उद्या सकाळी सात वाजता सुरुवात. पाच नावा आहेत. माझी सर्वांत लहान. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, अकोला म्हणजे कोणत्या समुद्रावर? मी म्हणालो, मोर्णा नदीवर, साहेब. ते हसले. मग मीही हसलो, जरा उशिरा. त्यांनी फटी ठोकून पाहिल्या आणि काम चांगले आहे म्हणून लिहिले. शिडाची शिवण पाहून म्हणाले, ही कोणत्या कारखान्याची? मी सांगितले, घरची आहे.

देवरावला हे कळवले पाहिजे. शालूलाही. पत्र लिहायला बसलो, पण "चि. सौ. शालू हीस" याच्या खाली काही उतरेना.

दि. १२ जानेवारी. समुद्र.

काल वारा चांगला लागला. किनारा डावीकडे धुरासारखा. चार नावा कधी दिसेनाशा झाल्या ते समजले नाही. पाणी येत नाही. भीती नाही.

दि. १३ जानेवारी.

कालपासून एक माणूस दिसला नाही. सुकाणू दोरीने बांधून तासातासाने झोपतो. म्हातारे साहेब म्हणत तसे काही मोडले नाही. मला एकटे राहता येते. सगळे पणाला लावून जे शिकलो ते मला येते आहे, आणि त्याचा आनंद का होत नाही ते समजत नाही.

दुपारी मोठ्याने म्हणालो, "शालू, तेवढा दोर धर." दोर माझ्याच हातात होता.

दि. १४ जानेवारी.

सकाळी मच्छिमारांचे एक होडके जवळ आले. तीन माणसे. एकाने ओरडून विचारले, "खंय चललंस रे एकटोच?" मी कोची म्हणालो. कुठला, तर अकोल्याचा. अकोला त्यांना माहीत नव्हते. ते आपसात काही बोलले आणि हसले. मग त्यानेच बायकोचा विषय काढला, "घरात भांडाण झाला काय रे बायलेवांगडा?"

मी म्हणालो, "नाही. भांडण झालेच नाही."

त्यांनी सांगितले की काल एकच शीड दक्षिणेला गेले, दुसरे कोणी नाही. म्हणजे माझा दुसरा नंबर आहे. बाकी तिघे मागे आहेत. त्यांनी एक मासा देऊ केला, बाहेरची मदत नियमात बसत नाही म्हणून तो घेतला नाही. होडके गेले.

त्यानंतर मी दिवसभर माझ्याच त्या वाक्यावर अडलो आहे. भांडण झालेच नाही. भांडायला तिने एकदा तरी मला हाक मारायला पाहिजे होती, आणि ती हाक तिने मारली होती. मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. त्यानंतर तिने काहीच मागितले नाही. मला वाटले, तिने सोडून दिले. मनकर्णाबाई आत असताना ती ओरडलीही नाही. माझा सराव मोडू नये म्हणून ती ओरडली नाही काय? हे मला आजपर्यंत सुचले नव्हते. मधली भिंत एवढी पातळ आहे की तिकडे वाटी पडली तरी नावेत ऐकू येत असे.

वारा मागून आहे. असा वारा वर्षातून आठ-पंधरा दिवस मिळतो.

दि. १५ जानेवारी, गुरुवार. मालवण.

सकाळी दहाच्या सुमारास सिंधुदुर्ग किल्ला डावीकडे आला. बंदराला लागले की बाद, हे मला पाठ आहे. मी सुकाणू फिरवले. नांगर टाकला. पहिल्या नावेला गाठायला मला कदाचित एक दिवस लागला असता. हे मी कोणाला सांगणार नाही, इथे फक्त लिहितो.

तार ऑफिसात दोन तारा केल्या. पहिली क्लबाला: नाव आणि माणूस सुखरूप, शर्यत सोडली. दुसरी अंजनगावला. मजकूर असा: उतरलो. अंजनगावला येतो. बोलशील ते ऐकेन. नाही बोललीस तरी बसेन.

तार मास्तरांनी पेन्सिलने शब्द मोजले. म्हणाले, "शेवटचं वाक्य काढा, पैसे वाचतील. अर्थ तोच राहतो."

मी म्हणालो, "राहत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. चार दिवसांची दाढी, मिठाने ताठ झालेले कपडे. "बरं," म्हणाले आणि पाठवली.

दि. १८ जानेवारी, रविवार. मूर्तिजापूर स्टेशन. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.

अंजनगावची छोटी गाडी लागलेली आहे, इंजिन आलेले नाही. तार पोचली असेल की नाही, माहीत नाही. पोचली असली तरी ती काय म्हणेल ते माहीत नाही. सासरे दारात उभे राहून चहा विचारतील आणि ती आत मशीनवर असेल, असे सारखे डोळ्यांपुढे येते. त्यापुढे काय बोलायचे ते मी तयार केलेले नाही. गाडीत तयार करायला बसलो होतो, मग सोडून दिले.

गाडी सुटेपर्यंत हिशेब लिहितो.

खर्च: लाकूड व खिळे रु. ३१०. देवराव, मजुरीपैकी दिले, रु. १६०. कापूस, राळ, रंग रु. ७४.५०. शिडाचे कापड रु. ९२. प्रवेश फी रु. ५०. रेल्वे, नावेसह, रु. ६८.२५. मालवणात नाव राखणाऱ्यास रु. ५. दोन तारा रु. ४.३०. मालवण ते अंजनगाव भाडे व जेवण रु. २३.६०. एकूण रु. ७८७.६५.

देणे: देवराव रु. १४०, शिवाय दुसऱ्या वेळचे काम, ते तो सांगत नाही. फॅक्टरीतला भगवंत रु. ६०. शालू, तिच्या शिलाईच्या डब्यातून वेळोवेळी घेतलेले. हा आकडा मी कुठेच लिहिलेला नाही.

नाव विकलेली नाही.

शिल्लक खिशात रु. ११. पुण्याला शालूसाठी पातळ घ्यायला दुकानात शिरलो होतो. दुकानदाराने विचारले, रंग कोणता आवडतो त्यांना? घेतले नाही. विचारून घ्यायचे.